‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’ : विनोदी मालिकेवरून निघालेल्या १९८४ च्या संगणक-खेळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा खेळ नेमका कोणता आणि तो कोणी केला?

‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’ हा अमेरिकेतील इन्फोकॉम या कंपनीने १९८४ साली घरगुती संगणकांसाठी बाजारात आणलेला, केवळ मजकुरावर चालणारा खेळ आहे. मूळ कथेचे जनक डग्लस ॲडम्स आणि इन्फोकॉममधील खेळकर्ते स्टीव्ह मेरेट्झ्की यांनी तो मिळून रचला. मालिकेचे हक्क विकत घ्यायचे, मूळ लेखकाला मानधन देऊन मोकळे करायचे आणि कामाला लागायचे, अशी त्या काळची सर्वसाधारण पद्धत होती. येथे मात्र लेखक स्वतः कोडी रचायला बसला आणि पडद्यावरच्या मजकुराचा मोठा भाग त्याच्याच हातचा आहे. खेळ चाळीस वर्षांनंतरही खेळला जातो, याचे पहिले कारण हेच असावे.

ॲडम्स स्वतः इन्फोकॉमच्या खेळांचे चाहते होते. मेरेट्झ्की यांनी १९८३ मध्ये ‘प्लॅनेटफॉल’ हा अंतराळात घडणारा विनोदी खेळ केलेला असल्यामुळे जोडी जुळणे स्वाभाविक होते. एक जण इंग्लंडमध्ये आणि दुसरा मॅसॅच्युसेट्समध्ये, त्यामुळे बराचसा व्यवहार त्या काळी नवलाच्या असलेल्या ई-मेलने झाला. ॲडम्स यांची दिरंगाई प्रकाशनविश्वात सर्वांना ठाऊक होती आणि खेळाच्या वेळीही ती आड आली. शेवटी मेरेट्झ्की यांना विमानाने इंग्लंड गाठावे लागले आणि डेव्हनमधील एका ग्रामीण हॉटेलात दोघांनी उरलेला आराखडा पुरा केला.

हा खेळ दूरचित्रवाणी मालिकेवर आधारित आहे, असे म्हणणे बरोबर आहे का?

अर्धवट बरोबर आहे. ही कथा सर्वप्रथम मार्च १९७८ मध्ये बीबीसी रेडिओ ४ वर नभोनाट्यमालिका म्हणून आली, १९७९ मध्ये तिची कादंबरी झाली आणि जानेवारी १९८१ पासून बीबीसी टूवर सहा भागांची दूरचित्रवाणी मालिका दाखवली गेली. खेळ आला तो त्यानंतर. प्रत्येक रूपासाठी ॲडम्स यांनी कथा थोडी बदलली असल्यामुळे ‘मूळ’ कोणते यावर वाद घालण्यात फारसे हशील नाही. खेळातली सुरुवातीची घटनामाला, म्हणजे कथानायक आर्थर डेंटचे घर पाडायला आलेला बुलडोझर, मित्र फोर्ड प्रिफेक्ट, पबमधली बिअर आणि पृथ्वीचा नाश, ही चारही रूपांत ओळखू येण्याइतकी सारखी आहे.

ॲडम्स यांची घडण मात्र पूर्णपणे ब्रिटिश विनोदी मालिकांच्या परंपरेतली होती. ‘मॉन्टी पायथन’च्या १९७४ मधील अखेरच्या पर्वात, मूळ चमूबाहेरचे असूनही, लेखक म्हणून त्यांचे नाव लागले होते. अतिशय गंभीर, कार्यालयीन सुरात अत्यंत वेडगळ गोष्ट सांगायची, ही त्या परंपरेची खूण खेळाच्या प्रत्येक वाक्यात दिसते.

मालिकेत एवढी सुंदर चित्रे होती, मग खेळात एकही चित्र का नाही?

इन्फोकॉमचे धोरणच तसे होते. त्यांच्या जाहिराती अभिमानाने सांगत की, उत्तम चित्रण वाचणाऱ्याच्या मेंदूतच होते. त्या वेळच्या घरगुती संगणकाच्या मोजक्या स्मृतीत चित्रे भरली असती, तर मजकुराला जागा उरली नसती, हेही तितकेच खरे.

यातला एक विरोधाभास सांगण्यासारखा आहे. १९८१ च्या मालिकेत ‘गाइड’ या इलेक्ट्रॉनिक पुस्तकाची पाने म्हणून जी चकाकती अक्षरे आणि रेषाचित्रे दिसतात, ती पाहून प्रेक्षकांना ती संगणकाने काढली आहेत असेच वाटे. प्रत्यक्षात ती रॉड लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारदर्शक तावांवर हाताने रेखाटलेली, मागून प्रकाश सोडून टिपलेली सचेतपटाची (ॲनिमेशनची) चौकट-न्-चौकट होती आणि तिला बाफ्टा पुरस्कारही मिळाला. संगणकाचा भास हवा होता तेथे संगणक नव्हता आणि खरा संगणक आला तेव्हा त्याने चित्रे दिली नाहीत.

तो कोणकोणत्या संगणकांवर चालत असे?

ॲपल टू, मॅकिन्टॉश, कमोडोर ६४, अटारीची आठ-बिट यंत्रे, आयबीएम पीसी आणि पुढे अटारी एसटी व अमिगा, अशा बहुतेक सगळ्या प्रचलित यंत्रांवर तो उपलब्ध होता. यामागे इन्फोकॉमची एक हुशार योजना होती. त्यांचे खेळ कोणत्याही खऱ्या संगणकासाठी न लिहिता ‘झेड-मशीन’ नावाच्या काल्पनिक संगणकासाठी लिहिले जात आणि प्रत्येक खऱ्या यंत्रासाठी त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्रॅम तयार केला जाई. खेळाची फाइल एकच, फक्त नक्कल करणारा भाग वेगळा. या खेळाची पहिली आवृत्ती झेड-मशीनच्या तिसऱ्या पिढीतली आहे आणि त्या पिढीत संपूर्ण खेळ १२८ किलोबाइटच्या आत बसवावा लागे. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रसुद्धा याच्या कितीतरी पट मोठे असते.

फ्लॉपी ड्राइव्ह मात्र आवश्यक होता, कारण खेळ चालू असताना मजकूर तुकड्यातुकड्याने फ्लॉपीवरून वाचला जाई. म्हणूनच ब्रिटनमध्ये घरोघरी असलेल्या, कॅसेटवर चालणाऱ्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमसाठी इन्फोकॉमने तो काढला नाही. ज्या देशाच्या विनोदावर खेळ उभा होता, तेथल्याच पुष्कळ मुलांना तो खेळता आला नाही.

खोक्यात फ्लॉपीशिवाय काय काय येत असे?

इन्फोकॉम आपल्या खोक्यांत कथेतल्या वस्तू घालत असे आणि चाहते त्यांना ‘फीलीज’ म्हणत. या खेळाचा संच त्यात सर्वांत गाजलेला आहे. ‘डोन्ट पॅनिक’ लिहिलेला बिल्ला, आर्थरचे घर पाडण्याचा आदेश, पृथ्वी पाडण्याचा आदेश, खिशात सापडते तशी कापसाची बोंडी आणि गाइडची जाहिरातपत्रिका, एवढे समजण्यासारखे होते. त्यापुढे एक काळा पुठ्ठ्याचा चष्मा होता, ज्यातून काहीच दिसत नाही, कारण संकट समोर येताच तो आपोआप काळा होतो आणि बहुधा संकट नेहमीच समोर असते. एका लहान प्लास्टिकच्या पिशवीत सूक्ष्म अंतराळ-आरमार होते. पिशवी अर्थातच रिकामी दिसे. शिवाय यादीत ‘चहा नाही’ अशीही एक वस्तू होती आणि ती प्रत्येक खोक्यात न चुकता नसे.

जुना संच विकत घेताना ती रिकामी पिशवी आहे ना, हे संग्राहक बारकाईने तपासतात. रिकामी पिशवी नसेल तर संच अपुरा धरला जातो.

मजकुरावर चालणारा खेळ मी कधीच खेळलो नाही. सुरुवात कशी करायची?

पडद्यावर काही वाक्ये येतात आणि खाली एक लुकलुकते चिन्ह थांबते. तेथे साध्या इंग्रजीत आज्ञा टंकायची, म्हणजे ‘टर्न ऑन लाइट’, ‘गेट अप’, ‘टेक गाउन’, आणि एंटर दाबायचे. प्रोग्रॅमचा जो भाग ही आज्ञा वाचून तिचा अर्थ लावतो त्याला पार्सर म्हणतात. ‘एल’ म्हणजे सभोवार पाहणे, ‘आय’ म्हणजे जवळ काय आहे ते तपासणे, ‘झेड’ म्हणजे एक खेळी नुसते थांबणे. तिसऱ्या पिढीच्या पार्सरला शब्दाची पहिली सहा अक्षरेच लक्षात राहतात, त्यामुळे लांब शब्द पुरा टंकण्याची गरज नसते.

खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही आर्थर आहात, अंथरुणात आहात, खोलीत मिट्ट काळोख आहे आणि आदल्या रात्रीच्या मद्यपानाने डोके गरगरत आहे. दिवा लावा, उठा, गाउन घाला, त्याचा खिसा तपासा आणि त्यातली डोकेदुखीची गोळी घ्या. गोळी घेतल्याशिवाय आर्थरला धड चालताही येत नाही. टूथब्रश उचललात तर त्याच क्षणी खिडकीबाहेरचे एक झाड कोसळते आणि खेळ तुम्हाला शांतपणे कळवतो की, या दोन घटनांमध्ये कोणताही कार्यकारणभाव नाही. येथे हसू आले, तर हा खेळ तुमच्यासाठी आहे असे समजावे. हसू आले नाही, तर पुढचे काही तास कठीण जातील.

मालिका पाहिलेली किंवा कादंबरी वाचलेली असेल तर उपयोग होतो का?

पहिल्या काही प्रसंगांत होतो. बुलडोझरसमोर चिखलात आडवे व्हायचे, फोर्ड येईपर्यंत थांबायचे, त्याच्याबरोबर पबमध्ये जाऊन बिअर प्यायची, हे जाणकाराला आपसूक सुचते. तरीही खेळ मध्येच पाय ओढतो. फोर्ड येतो तेव्हा तुमचा टॉवेल परत करू पाहतो आणि तो सरळ घेतलात, तर काम झाले असे समजून फोर्ड निघून जातो व पृथ्वीबरोबर तुम्हीही संपता. टॉवेल न घेता त्याला बुलडोझरकडे लक्ष देऊ द्यावे लागते.

‘हार्ट ऑफ गोल्ड’ या यानावर पोहोचल्यानंतर कथेचा आधार जवळजवळ सुटतो. तेथून पुढे अशक्यतेच्या शक्तीवर चालणारे इंजिन तुम्हाला कधी फोर्डच्या, कधी ट्रिलियनच्या, तर कधी झेफॉड बीबलब्रॉक्सच्या अंगात घालते आणि एकदा तर खुद्द तुमच्याच मेंदूत सोडते. आधी पाहिलेला प्रसंग दुसऱ्याच्या डोळ्यांनी पुन्हा जगण्याची ही कल्पना १९८४ साली कोणत्याही खेळासाठी धाडसाची होती. ती मालिकेत नाही. खेळाच्या माध्यमातच ती सुचू शकली.

खेळ खेळाडूशी खोटे बोलतो, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे आणि खेळाचा प्राण तेथेच आहे. मजकुरावर चालणाऱ्या खेळांत एक अलिखित करार असतो की, पडद्यावरचे वर्णन खरे मानायचे, कारण खेळाडूला दुसरा डोळाच नाही. ॲडम्स आणि मेरेट्झ्की यांनी हा करार मोडला. यानाच्या इंजिन-खोलीकडे जाऊ लागलात की खेळ तुम्हाला अडवतो, परावृत्त करतो, आणि आत गेल्यावर येथे पाहण्यासारखे काही नाही असे सांगतो. पुन्हा पाहा म्हटले तरी तेच. चिकाटीने पुन:पुन्हा ‘लुक’ टंकत राहिलात, तर अखेर तो हार मानतो आणि खोलीतल्या वस्तूंची यादी देतो. लोकांनी या खोलीतून रिकाम्या हाताने परत जाऊन आठवडेच्या आठवडे इतरत्र शोध घेतला, यात नवल नाही.

काळोखाचा प्रसंग याच जातीचा आहे. तुम्हाला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, चव, वास, स्पर्श काही लागत नाही, असे खेळ सांगत राहतो. काही खेळ्यांनंतर त्या यादीतून एक संवेदना गुपचूप गळालेली असते. जी गळाली, तीच वापरायची. कंटाळून वाचणे सोडणारा येथे अडकतो.

याहून पुढची खोडी अशी की, पार्सरला न समजलेली तुमची एखादी चुकीची आज्ञा खेळ लक्षात ठेवतो. तो नंतर सांगतो की, तुम्ही निष्काळजीपणे उच्चारलेले ते शब्द अवकाश-काळातल्या एका छिद्रातून दूरच्या आकाशगंगेत पोहोचले, तेथे दोन युद्धखोर जमातींच्या भाषेत ती भयंकर शिवी ठरली आणि महायुद्ध पेटले. खेळाडूची टंकनाची चूक कथेचा भाग होते. हे दूरचित्रवाणीला किंवा पुस्तकाला करता आले नसते.

बॅबल फिशचे कोडे एवढे बदनाम का आहे? त्याचे उत्तर काय?

पुढे पूर्ण उत्तर दिले आहे. स्वतः सोडवायचे असेल त्यांनी पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

पृथ्वी पाडणाऱ्या व्होगॉन या परग्रहवासी जमातीच्या यानाच्या तळघरात एक यंत्र आहे. बटण दाबले की त्यातून बॅबल फिश हा मासा उडतो. तो कानात गेला तर विश्वातल्या सर्व भाषा समजतात, आणि तो मिळाल्याशिवाय पुढे काही कळत नाही. पहिल्या वेळी मासा खोली ओलांडून समोरच्या भिंतीतल्या भोकात नाहीसा होतो. भोकाच्या वर एक खुंटी आहे, म्हणून तिच्यावर आपला गाउन टांगायचा. आता मासा गाउनवर आपटून घसरतो आणि जमिनीवरच्या गटाराच्या जाळीतून खाली जातो, म्हणून जाळीवर टॉवेल अंथरायचा. आता तो टॉवेलवर पडतो, पण फरशी साफ करणारा एक छोटा यंत्रमानव धावत येतो, त्याला उचलतो आणि भिंतीच्या बुडाशी असलेल्या झडपेतून पळून जातो, म्हणून झडपेसमोर फोर्डची पिशवी ठेवायची. यंत्रमानव पिशवीवर धडकतो, मासा हवेत उडतो, आणि खोलीच्या वरच्या अर्ध्या भागाची सफाई ज्याच्याकडे आहे तो दुसरा, उडता यंत्रमानव त्याला झेलून घेऊन जातो.

शेवटचा उपाय म्हणजे पिशवीवर जाहिरातीच्या टपालाचा गठ्ठा ठेवणे. धडकेने कागद उधळतात, उडता यंत्रमानव ते गोळा करण्यात गुंततो आणि मासा अखेर कानात पडतो. आता टपाल आणायचे कुठून? ते आर्थरच्या दारात पडलेले होते आणि ते घर तोवर पृथ्वीसकट नष्ट झालेले आहे. सुरुवातीला कचरा समजून ज्याने ते उचलले नाही, त्याला येथून पुढे मार्ग नाही. शिवाय यंत्रातले मासे मोजकेच आहेत आणि व्होगॉन पहारेकरीही फार वेळ वाट पाहत नाहीत.

बदनामी इतकी झाली की, इन्फोकॉमने ‘मला बॅबल फिश मिळाला’ अशा अर्थाचा मजकूर छापलेले टी-शर्ट विकले. माझ्या मते मात्र हे खेळातले सर्वांत न्याय्य कोडे आहे, कारण प्रत्येक अपयश पुढच्या अडथळ्याची स्पष्ट खूण दाखवते आणि प्रत्येक नवा अडथळा आधीच्यापेक्षा अधिक हसवतो. खरी तक्रार टपालाबद्दल आहे आणि ती रास्त आहे.

आपण हरलो आहोत हे खेळ सांगतच नाही, असे का?

त्या काळच्या बहुतेक साहस-खेळांत ही खोड होती. येथे ती विनोदाच्या नावाखाली टोकाला नेली आहे. याचे सर्वांत क्रूर उदाहरण कुत्र्याचे. पृथ्वी नष्ट होण्याआधी, पबबाहेरच्या गल्लीत एक लहान कुत्रा असतो. पबमध्ये मिळणारे चीज सँडविच त्याला घातले नाही, तर त्या वेळी काहीच बिघडत नाही. कित्येक तासांनंतर एक सूक्ष्म अंतराळ-आरमार पृथ्वीवर चाल करून येते आणि आकारमानाच्या हिशेबातल्या चुकीमुळे एका लहान कुत्र्याच्या तोंडात जाते. तुम्ही त्या आरमारात असता. कुत्रा जेवलेला असेल तर वाचता.

कथेच्या अंगाने पाहिले तर ही गाठ लाजवाब आहे. खेळाच्या अंगाने पाहिले तर तो अन्याय आहे, कारण कुत्र्याला खाऊ घालण्याचे कोणतेही कारण त्या क्षणी खेळाडूपुढे नसते. पहिल्या आवृत्तीत खेळी मागे घेण्याची सोय नाही. त्यामुळे ‘सेव्ह’ ही आज्ञा वापरून प्रत्येक प्रसंगाआधी वेगळ्या नावाने स्थिती साठवत जावी आणि जुन्या फाइली पुसू नयेत.

चहा आणि ‘चहा नाही’ ही काय भानगड आहे?

जवळच्या वस्तूंची यादी मागितली की त्यात गाउन, टूथब्रश यांच्याबरोबर ‘चहा नाही’ अशी नोंद दिसते. नवा खेळाडू ती गंमत समजून सोडून देतो. यानावरचे न्यूट्रिमॅटिक यंत्र चहा मागितला तर चहासारखे अजिबात नसलेले एक पेय देते, आणि इंग्रज असलेल्या आर्थरला खरा चहा मिळवण्यासाठी यंत्राचे सर्किट बदलावे लागते. ते बदलल्यावर यानाचा मुख्य संगणक चहा कसा करायचा या चिंतेत इतका बुडतो की, चालून येणाऱ्या क्षेपणास्त्रांकडे लक्ष द्यायला त्याला सवड उरत नाही.

चहा हाती आला की ‘चहा नाही’ ही वस्तू जाते, हे ओघानेच आले. पण यानावर एक दरवाजा आहे, जो बुद्धिमत्तेचा पुरावा दिल्याशिवाय उघडत नाही, आणि चहा व चहाचा अभाव ही दोन्ही एकाच वेळी जवळ बाळगणे हाच तो पुरावा. त्यासाठी आर्थरच्या मेंदूत शिरून तेथला व्यवहारज्ञानाचा कण काढून टाकावा लागतो. त्यानंतर हातात चहा असतानाही ‘चहा नाही’ उचलता येतो. एखाद्या खेळाने आपल्याच वस्तूंच्या यादीची, म्हणजे आपल्या यंत्रणेतल्या सर्वांत रूक्ष भागाची, अशी थट्टा त्यापूर्वी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मावशीने दिलेली ती वस्तू कशासाठी आहे?

तिचे पूर्ण नावच ‘तुमच्या मावशीने दिलेली, काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसलेली वस्तू’ असे आहे. ती कुठेही टाकली तरी परत तुमच्याकडे येते आणि तिच्यात कितीही सामान मावते. बॅग म्हणून वापरावी. याहून जास्त विचार करू नये.

शेवटी मार्विन हवे ते हत्यार मागतो, पण ते माझ्याकडे नसते. असे का होते?

खिन्न यंत्रमानव मार्विनला यानाचे बाहेरचे दार उघडायला सांगितले की तो एका अडचणीच्या जागी जाऊन बसतो आणि तुमच्याकडे एक हत्यार मागतो. खेळभर विखुरलेली अशी दहा हत्यारे आहेत. त्यातले एकही तुमच्याकडे कमी असेल, तर मार्विन नेमके तेच मागतो. हा योगायोग नव्हे. खेळ तुमची यादी तपासूनच मागणी ठरवतो. सगळी दहा जवळ असतील, तरच निवड आधी ठरलेली असते.

ते कोणते असेल हे आधी कळण्याचाही एक मार्ग आहे. ठिकठिकाणी कापसाच्या चार बोंड्या सापडतात. त्या कुंडीत पेरल्या तर रोप उगवते आणि त्याचे फळ खाल्ल्यावर भविष्यातला तो क्षण दिसतो. खोक्यातली निरुपयोगी वाटणारी बोंडी आठवते का? संच बनवणाऱ्यांनी सूचना तुमच्या हातातच दिली होती.

अडकल्यावर सूचना कुठे मिळतात?

इन्फोकॉम ‘इन्व्हिझिक्लूज’ नावाच्या पुस्तिका विकत असे. त्यात प्रश्न साध्या शाईत आणि उत्तरे अदृश्य शाईत छापलेली असत. सोबतच्या विशिष्ट पेनाने चोळले की उत्तराची एकेक पायरी उमटे, आधी हलका इशारा आणि शेवटी संपूर्ण उकल. त्यामुळे हवी तेवढीच मदत घेता येई. या पुस्तिकांचा खप चांगला होता आणि हा खेळ पाहता तो का होता हे सांगायला नको. खोक्यावर त्याची अवघडपणाची श्रेणी ‘स्टँडर्ड’ अशी, म्हणजे खालून दुसरी, छापलेली होती. तो विनोद होता की चूक, हे ज्याने त्याने ठरवावे.

आज त्या पुस्तिकांचा मजकूर आंतरजालावर वाचता येतो. थेट उकल वाचण्यापेक्षा त्याच्या पायऱ्या एकेक करून उघडाव्यात, अशी माझी शिफारस आहे.

इतर विनोदी मालिकांवरही खेळ निघाले होते ना? मग याचेच एवढे कौतुक का?

निघाले होते आणि पुष्कळ निघाले. ‘यस, प्राइम मिनिस्टर’वरून खेळ झाला. १९९० मध्ये ‘मॉन्टी पायथन’वर कोअर डिझाइनने खेळ केला, याच मंडळींनी सहा वर्षांनी ‘टूम रेडर’ दिला. या प्रकारातल्या बहुतेक खेळांनी मालिकेतले चेहरे, संवाद आणि ओळखीचे प्रसंग उचलून प्रचलित साच्यात बसवले. पात्र मालिकेतले, पण उड्या मारणे आणि गोळ्या झाडणे इतर कोणत्याही खेळासारखेच.

‘हिचहायकर्स’ने मालिकेचा स्वभाव उचलला. मूळ कथेत सर्वत्र अडेलतट्टू यंत्रे, आत्मसंतुष्ट दरवाजे आणि नियमांवर बोट ठेवणारे अधिकारी आहेत. १९८४ च्या संगणकावर मजकुरी खेळ खेळणाऱ्याला नेमका तोच अनुभव येई, कारण पार्सर हा स्वभावतःच अडेलतट्टू असतो. ॲडम्स यांनी ही उणीव लपवली नाही. तिलाच पात्र बनवले. आर्थर त्या विश्वात जितका गोंधळलेला आहे, तितकाच खेळाडू कीबोर्डसमोर गोंधळतो, आणि दोघांचा छळ एकाच आवाजात, तितक्याच सभ्यपणे होतो. माध्यमाच्या मर्यादेतून विनोद काढण्याचे हे कौशल्य इतर मालिका-खेळांत मला क्वचितच दिसते.

वाचकांनीही दाद दिली. ‘झॉर्क’चा पहिला भाग सोडला, तर इन्फोकॉमच्या खेळांत सर्वाधिक खप याच खेळाचा झाला.

खेळ कुठे संपतो? पुढचा भाग आला का?

४०० पैकी ४०० गुण मिळवून तुम्ही मॅग्राथिया या दंतकथेतल्या ग्रहावर पाऊल ठेवता, आणि खेळ तेथेच, पुढच्या भागाचे आश्वासन देऊन थांबतो. तो भाग कधीच पूर्ण झाला नाही. ॲडम्स यांनी इन्फोकॉमसाठी १९८७ मध्ये ‘ब्युरोक्रसी’ हा वेगळाच खेळ केला, ज्यात सगळा त्रास पत्ता-बदलाच्या अर्जावरून सुरू होतो. इन्फोकॉम १९८६ मध्येच ॲक्टिव्हिजनने विकत घेतली होती आणि १९८९ मध्ये तिचे मॅसॅच्युसेट्समधील कार्यालय बंद झाले. ॲडम्स यांचे ११ मे २००१ रोजी कॅलिफोर्नियात निधन झाले.

आज हा खेळ कसा खेळता येईल? मराठीतून आज्ञा देता येतात का?

बीबीसी रेडिओ ४ ने २००४ मध्ये, खेळाला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, चित्रांची जोड दिलेली आवृत्ती आपल्या संकेतस्थळावर आणली आणि तिला बाफ्टा मिळाले. तिसाव्या वर्षी, २०१४ मध्ये, नवी आवृत्ती आली. ब्राउझरमध्ये उघडायची, काही उतरवून घ्यायचे नाही, त्यामुळे नव्या खेळाडूने येथूनच सुरुवात करावी. चित्रे असली तरी आज्ञा टंकाव्याच लागतात आणि कोडी जुनीच आहेत.

मूळ फ्लॉपी किंवा १९९१ चा ‘लॉस्ट ट्रेझर्स ऑफ इन्फोकॉम’ हा संच जवळ असेल, तर त्यातली खेळाची फाइल ‘फ्रॉट्झ’सारख्या झेड-मशीनच्या इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, संगणकावर किंवा मोबाइलवर चालते. जुने संच विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, १९९६ च्या ‘मास्टरपीसेस ऑफ इन्फोकॉम’ या संचात हा खेळ नाही. खेळाचे हक्क अजून अबाधित आहेत, म्हणून कुठूनही मिळालेली प्रत मोफत आणि वैध असेल असे गृहीत धरू नये.

आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागतात, कारण पार्सरचा शब्दकोश फाइलमध्येच कोरलेला आहे आणि तिसऱ्या पिढीच्या झेड-मशीनला देवनागरी अक्षरे ठाऊकच नाहीत. मोबाइलवर खेळताना कीबोर्ड रोमनवर ठेवावा आणि शब्द आपोआप दुरुस्त करण्याची सोय बंद करावी, नाहीतर ‘झेड’ टंकताच मोबाइल भलताच शब्द भरतो. वाक्ये क्रियापदाने सुरू करून छोटी ठेवावीत. मराठी माध्यमातून शिकलेल्या शाळकरी मुलाला आज्ञांचे इंग्रजी झेपते. वर्णनांतली खोच कळायला मात्र मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी बसलेले बरे.

पूर्ण करायला किती वेळ लागतो?

सर्व उत्तरे ठाऊक असतील तर एका संध्याकाळी होतो. उत्तरे न पाहता खेळणाऱ्याने घाई करू नये. कागदावर यानाचा नकाशा काढावा, दहा हत्यारांची यादी शेजारी ठेवावी, आणि दारातले टपाल पहिल्याच फेरीत उचलावे.